अंगणातल्या पोरी

काचबिंदूनं धनेंद्रच्या मायची नजर गेली आणि तिला अंगणात पोरी दिसू लागल्या, गुडघ्याएवढ्या, लाल रिबिनीवाल्या. ती रोज त्यांच्यासाठी भाताची ताटली ठेवायची आणि धनेंद्र ती रागारागानं कोंबड्यांपुढे उपडी करायचा. शेजारी म्हणाले, भूत लागलं, बैगाकडून, गावच्या मांत्रिकाकडून, उतरवून घ्या. बायको शेवटी हट्टानं दोघांना गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली. बाईंनी डोळे तपासून विचारलं, "आजी, त्या पोरी बोलतात का?" "नाई बाई. भुकेनं शबद निघत नसन." बाई धनेंद्रकडे वळल्या. "नजर गेली की कधीकधी मेंदूच अशी मुकी चित्रं दाखवतो. भूत नाही, वेडही नाही." धनेंद्रचा जीव भांड्यात पडला. मायला मात्र वेगळीच काळजी. "मंग त्या उपाशी त नाईत ना?" धनेंद्रनं मायचा हात धरला. "जेवल्या, माय. म्याच वाढलं त्यायले."