तापवलेलं पाणी

दर हिवाळ्यात कुमुदताई नवऱ्यासाठी रोज पहाटे पाणी तापवत, अन् शांतारामजी ती बादली तशीच सोडून नर्मदेत बुडी मारायला जात. आज घाटावर पाय घसरला, अन् धुक्यात नावाड्यांना दिसेपर्यंत ते तासभर पाण्यात घाटाची साखळी धरून होते. दवाखान्यात कुमुदताई त्यांचे गारठलेले तळपाय चोळायला धावल्या, तर डॉक्टरीणबाईंनी हात धरला. “काकू, हातपाय चोळले-शेकले तर रक्त तिकडेच धावेल, हृदय रिकामं पडेल. आधी त्याला भरू.” नर्सनं कोमट केलेलं सलाईन लावलं. दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा मॉनिटरच्या पडद्यावरचे अडखळणारे ठोके एका चालीनं पडू लागले. शांतारामजींनी डोळे उघडले. “काय देऊन राहिले मला?” “मिठाचं कोमट पाणी,” डॉक्टरीणबाई हसल्या. कुमुदताईंनी रोज बादलीला लावत तसा बाटलीला हात लावला. “चाळीस वर्षं तापवून राहिली मी. आज घेतलं एकदाचं!”