सुपारीचं बटण

"खरं सांग, सुहास," दुर्गाबाईंनी लेकीच्या कानाशी लागून विचारलं.

"बरीय गं आई मी," सुहासिनी मोठ्यानं म्हणाली. पुढच्या सीटवर सासरे बसले होते ना!

मोटार जाफराबादहून जालन्याला निघाली होती. दुर्गाबाईंना परभणीची आगगाडी धरायची होती. चार दिवस त्या व्याह्यांकडे राहिल्या, पण लेक एकटी म्हणून सापडली नाही. चुलीपाशी सासूबाई, न्हाणीपाशी सासूबाई, रात्री दोघींच्या मध्ये अंथरूण टाकून पुन्हा सासूबाईच. आज त्यांचे गुडघे धरले म्हणून तेवढ्या घरी राहिल्या. देवच पावला म्हणायचा!

पण पुढे सासरे गिरिधरराव होते, आणि रेडिओ बारीक होता. मागचा शब्द न् शब्द पुढे येत होता.

निजामोद्दीन ड्रायव्हर सगळं ऐकत होता. तीन महिन्यांपूर्वी त्यानंच सुहासिनीला जालन्याच्या दवाखान्यात नेलं होतं आणि रिकाम्या हातांनी परत आणलं होतं. पोर जन्मलं ते रडलंच नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी बजावलं, "रडायचं न्हाई. रडलं की पुढच्या लेकराला बाधतं." तेव्हापासून ती रडली नव्हती. एवढंसं तोंड झालं होतं पोरीचं. निजामोद्दीनची बायको खैरुनबी रोज विचारायची, "रोई क्या बच्ची?" तो नुसती मान हलवायचा.

मोटार पोलीस ॲक्शनच्या आधीची, रेडिओही तेव्हाचाच. आवाजाचं बटण परवा दोन तुकडे होऊन हातात आलं होतं. आता नुसती लोखंडी काडी उरली होती. बोटांत धरावी तर घसरायची, पक्कड लावावी तर मोडायची धास्ती. रेडिओ आपला माशीसारखा गुणगुणत होता. गिरिधररावांची त्याला काही हरकत नव्हती. गाणं म्हणजे कटकट, असं त्यांचं मत. बातम्या तेवढ्या कामाच्या.

राजूरच्या अलीकडे निजामोद्दीननं मोटार बाजूला घेतली.

"काय झालं रे?"

"इंजन गरम झालं, मालक. दोन मिनिटं दम घिऊ द्या तिला."

इंजिनाला काहीसुद्धा झालं नव्हतं. बॉनेट उघडं टाकून तो गिरिधररावांच्या खिडकीशी आला. "मालक, एक सुपारी द्या. अख्खी."

"तू कधीपासून खायला लागला?"

"खायला न्हाई, रेडिओला पाहिजे. बातम्या बराबर ऐकू येतील."

बातम्यांचं नाव निघाल्यावर पानसुपारीची चंची सुटली. पहिली सुपारी गिरमिट घालताच उकलली.

"अरे, श्रीवर्धनी हाय ती! बाभळीचं लाकूड समजला काय?" गिरिधरराव कळवळले. पण दुसरी दिली.

दुसरी त्यानं ओल्या फडक्यात धरली. गिरमिट हळूहळू फिरवत निम्म्यापर्यंत भोक पाडलं, काडीला सुताचे दोन वेढे दिले आणि सुपारी तळहातानं दाबून बसवली. फिरवली. रेडिओ असा गरजला, की रस्त्यानं चाललेले बैल बुजले.

मोटार निघाली. रेडिओवर कुणीतरी बाई गात होती. मागचं आता काही म्हणजे काही ऐकू येईना. निजामोद्दीनला बरं वाटलं. रड बच्ची, तो मनात म्हणाला. रडून घे.

"बारीक कर की जरा," गिरिधरराव ओरडले. "कान फुटून राह्यले!"

निजामोद्दीननं सुपारीवर हात ठेवून खोटंच मनगट वळवलं. "उलटी फिरून न्हाई राह्यली, मालक. अडकली."

एका दिवसात मालकाशी दोनदा खोटं!

"दोन सुपाऱ्यांचा सत्यानाश, दुसरं काय," गिरिधरराव करवादले.

तेवढ्यात गाणं संपलं. रेडिओ क्षणभर गप्प झाला आणि मागून रडणं ऐकू आलं. तोंडात पदर कोंबून रडतात तसं नव्हे. सुहासिनी आईला बिलगून लहान लेकरासारखी मोकळी रडत होती. "मला दाखवला पण न्हाई गं कुणी," ती म्हणत होती. "कसा होता ते पण कुणी सांगत न्हाई."

मग तिला कळलं, रेडिओ थांबलाय. हुंदका तिथल्या तिथं गिळला गेला. दुर्गाबाईंनी तिचं डोकं घट्ट धरलं आणि त्या व्याह्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. आता काय ऐकावं लागणार, देव जाणे.

रेडिओवर दुसरं गाणं सुरू झालं. गिरिधररावांनी हात पुढे केला, सुपारी धरली आणि डावीकडे फिरवली. ती अलगद फिरली. गाणं पार बंद झालं. त्यांनी एकदा निजामोद्दीनकडे पाहिलं. निजामोद्दीननं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"मीच पोचवून आल्तो त्याला," गिरिधरराव म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या काचेशीच बोलल्यासारखे बोलले. "डोकं भरून जावळ होतं. काळंभोर. बोटं लांब होती. नाक तुझ्यावर गेल्तं, सुहास."



मग त्यांनी सुपारी उजवीकडे शेवटपर्यंत पिळली, आणि जालना येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.