नारिंगी नळी

दुकानाच्या भिंतीवर दोनच नळ्या टांगलेल्या होत्या, एक तपकिरी आणि एक नारिंगी. अर्विन दहा मिनिटं त्यांच्यासमोर उभा होता. उजवा हात त्याने खिशात कोंबून ठेवला होता, पण खिसासुद्धा थरथरत होता.

त्यांची जुनी नळी सकाळी फाटली. बारा वर्षं वापरून ती इतकी सैल झाली होती, की गाडीच्या टाकीच्या तोंडाला नुसती टेकवली तरी बसायची. आता अकराच्या आत, गाड्या मुक्कामाला लावायच्या ह्या तळावरची जागा सोडायची होती, आणि त्याआधी गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी करायची होती. गाडी म्हणजेच घर. दुसरं घर त्यांनी केव्हाच विकलं होतं.

तपकिरी नळी जुन्यासारखीच होती, दोन्ही हातांनी पिळून बसवायची. नारिंगीला मोठी पकड होती, अंगठ्याने दाबली की झालं. मार्लिसने, त्याच्या बायकोने, नारिंगी नळी खाली काढली.

दुकानवाली जोनेल तशी मनाने चांगली, पण तोंडाला लगाम नाही. "चांगली निवडलीत," ती म्हणाली. "हात थरथरणारे सगळे हीच नेतात."

झालं. अर्विनने डाव्या हाताने तपकिरी नळी ओढली आणि पैसे टाकून बाहेर पडला. मार्लिसने नारिंगी परत टांगली. आपल्याच नवऱ्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला मनापासून वाटलं, आणि रडूही आलं.

बाहेर टाक्या रिकाम्या करायच्या जागेवर रांग लागलेली. रविवारचं कुणाला थांबायला वेळ नसतो. अर्विनने गाडी खड्ड्याला लावली, हातमोजे चढवले, नळीचं एक टोक जमिनीतल्या भोकात घातलं आणि दुसरं घेऊन गाडीखाली वाकला.

मेमध्ये त्यानेच कर्टला, आपल्या मुलाला, ऐटीत शब्द दिला होता: ज्या रविवारी टाकीसाठी परक्या माणसाचा हात लागेल, त्या रविवारी गाडीच्या चाव्या तुझ्या, आम्ही तुझ्या तळघरात येऊन राहतो. तेव्हा हात एवढा कापत नव्हता. आता कर्ट दर रविवारी फोन करून पहिला प्रश्न तोच विचारायचा. आणि अर्विन काहीही करील, पण पोराशी खोटं बोलणार नाही.

नळी बसेना. पिळायला गेला की हात निसटायचा. दोनदा खाली पडली. मागच्या गाडीतून कुणीतरी हॉर्न वाजवला, अगदी थोडाच, पण वाजवला. तिसऱ्या वेळी नळी कशीबशी अडकली आणि अर्विन टाकी उघडायच्या दांडीकडे सरकला.

मार्लिस जवळच उभी होती. तिला स्पष्ट दिसलं, नळीच्या चार दातांपैकी एकच दात अडकला होता. दांडी ओढली की चार दिवसांचं सगळं ह्याच्या बुटांवर, सगळ्या रांगेसमोर. आणि अर्विनने नळी ओढूनही पाहिली नाही! तळावरच्या निम्म्या नवशिक्यांना ह्यानेच दम भरून शिकवलेलं, ओढून बघितल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही म्हणून. आज विसरला नव्हता. ओढली तर निघून हातात येईल, हे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात मागच्या गाडीतला दाढीवाला खाली उतरला. हातमोजे घालूनच आला होता.

"काका, सरका जरा. मी लावून देतो."

अर्विनची मान खाली गेली. दांडीवरची बोटं सुटली. हो म्हणायला तो तोंड उघडतोय हे मार्लिसने पाहिलं. ती पुढे झाली, बदकन गुडघ्यांवर बसली आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "बारा वर्षं म्हणतेय मला शिकव, मला शिकव. आज शिकवल्याशिवाय मी गाडीत पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

दाढीवाला थांबला. अर्विन तिच्याकडे बघत राहिला. बारा वर्षांत हिने ह्या नळीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. लांबूनच नाकाला रुमाल लावायची. त्याला सगळं कळलं, आणि कळल्याचं तिलाही कळलं.

मग तो हळूहळू सरळ झाला. "बायको शिकतेय," दाढीवाल्याला म्हणाला. "वेळ लागेल."

"लागू दे की," दाढीवाला म्हणाला आणि परत गेला.

मार्लिसने नळी धरली. जीव खाऊन पिळली. टक् असा आवाज झाला. ती दांडीला हात घालणार, इतक्यात अर्विन खेकसला, "ओढून बघ आधी." तिने ओढली. नळी जागची हलली नाही.

"आता काळी दांडी, संडासाची. मोरीच्या पाण्याची नंतर. त्या पाण्याने नळी धुऊन निघते."

तिने काळी दांडी ओढली. नळी फुगली, हलली, गडगडत वाहू लागली. दोघंही तिच्याकडे टक लावून बघत राहिले. तोंडाशी एक थेंबसुद्धा गळला नाही.

सगळं धुऊन, नळी गुंडाळून झाल्यावर अर्विनने डाव्या हाताने गाडीचं दार उघडलं आणि तिथेच घुटमळला.

"ही नळी बायकांच्या हाताला जड जाते," तो दुकानाकडे बघत म्हणाला. "मनगट दुखलं असेल तुझं. ती नारिंगीच घेऊन टाकू."

"दुखलंय खरं," मार्लिस म्हणाली, आणि दुकानाच्या दारापर्यंत आपलं धडधाकट मनगट चोळत गेली.