दुसरा राऊटर

"मी जहाजाच्या नोकरीला गेलो तर ऑनलाइन गेमचं दुकान बघणार कोण, तू? शाळा सोडलेला?" कुया, माझा थोरला भाऊ, दारातच अडला होता. मनिलाची फेरीबोट सुटायला आलेली. "पहिला राऊटर पडला तर दुसरा त्याचाच पत्ता घेऊन उभा राहतो, कॉम्प्युटरना कळतही नाही," मी म्हटलं. "हो, मागे दोन्ही विजेच्या एकाच बोर्डावर लावलेस. बोर्ड जळाला, दोन्ही आडवे. शिव्या मी खाल्ल्या." माझं टाळकं सरकलं. आत पोरं पैजेची मॅच खेळत होती, तरी मी पहिल्याची वायर उपटली. सगळे स्क्रीन थिजले. कुयानं माझी कॉलर धरली. तेवढ्यात गेममधला गोळीबार पुन्हा सुरू झाला. "कुणी मारलं रे मला?" एक पोरगा करवादला. कुयानं कॉलर सोडली, दुकानाच्या किल्ल्या माझ्या खिशात कोंबल्या. "वायर नीट लाव, गाढवा. मला निघायला हवं आता."