शबरीची जास्तीची ओळ

रोलर फिरला आणि पहिलं पान सरकत बाहेर आलं. अकरावी ओळ अगदी ठसठशीत उमटली होती. उर्मिलानं ती तीनदा वाचली आणि खुदकन हसली. ती ओळ बापूजींची नव्हती, तिची होती.

संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या सौंसर गावात, तहसिलीसमोर तिच्या बाबांचं, भगवंतरावांचं, अर्ज लिहायचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत शाळांचे पेपर छापायचं सायक्लोस्टाईल मशीन. यंदा अकरावीत गेलेल्या लेकीला त्यांनी त्या खोलीची चाबी दिली होती. उर्मिला ती रिबिनीत ओवून गळ्यात मिरवायची. असा तोरा, की वर्गातल्या पोरींना ती तिजोरीचीच वाटायची.

चाबीसोबत पहिलं काम आलं ते बापूजींचं. दर एकादशीला बापूजी देवळात प्रवचन सांगायचे. समोर लाल फडक्यात बांधलेली पोथी असायची, पण तिची गाठ सोडलेली कुणी पाहिली नव्हती. सारं तोंडपाठ! लोक त्याचंच कौतुक करायचे. आता देवळाच्या मंडळानं टेपरेकॉर्डर घेतला होता. कॅसेट ऐकून प्रवचन उतरवायचं आणि लोकांना घरच्या अभ्यासाला पंधरा प्रती काढायच्या, असं बापूजींनीच ठरवलं होतं.

"अक्षर मोठं काढजो, पोरी," त्यांनी बजावलं होतं. "एका ओळीत एकच वाक्य. दोन ओळींत बोटभर जागा सोड. अन् मी बोललो तसंच पाहिजे, एक शब्द इकडचा तिकडे नको."

"एवढं मोठं अक्षर काऊन, बापूजी?"

"अभ्यास करणाऱ्याचे डोळे म्हातारे हायेत, माय. अन् पहिली प्रत मले दे, कॅसेटीसकट. मी पाहीन, मग बाकीच्या वाटजो."

"शब्द बदलला तर चाबी परत घेईन," भगवंतरावांनी वरून दम भरला होता.

दोन प्रवचनं तिनं इमानदारीनं उतरवली. तिसरं शबरीचं होतं. टेप थांबवत थांबवत, लोखंडी लेखणीनं स्टेन्सिलचा मेणकागद कोरता कोरता ती दहाव्या ओळीला आली. शबरीनं बोरं चाखून दिली, बापूजी क्षणभर थांबले, आणि त्या थांबण्यात उर्मिलाला राहवलंच नाही. तिनं खाली कोरलं, 'शबरी आमच्या सौंसरची असती तर तिनं रामाला बिया काढून संत्र्याच्या फोडी दिल्या असत्या.'

प्रत आणि कॅसेट बापूजींना देऊन ती उड्या मारत परतली. एवढ्या ओळींत कळतंय कुणाला! आणि कळलं तरी ओळ काय झकास आहे!

तिसऱ्या दिवशी सकाळी बापूजी ते पान घेऊन दुकानात हजर झाले. पानावर ओळीओळीखाली शाई फरफटली होती. बापूजींचं उजवं बोट काळंभोर झालं होतं. अकराव्या ओळीखाली तर कागद फाटायचाच बाकी होता.

"भगवंतराव, हे मी बोललो का हो?"

भगवंतरावांनी ओळ वाचली आणि लेकीकडे पाहिलं. "उर्मे, काय करून ठेवलं वं हे?"

"मीच लिहिली," ती म्हणाली. खोटं बोलायला सुचलंच नाही. "छान वाटली म्हणून."

"काढ चाबी."

रिबीन वेणीत अडकली. ती ओढताना तिचे डोळे भरून आले.

"थांब जराशी," बापूजींनी हात वर केला. "चारदा कॅसेट लावली मी. हे त्यात नाहीच. दोन दिवस याच्यापाशीच अडकून राहिलो."

त्यांनी पान काउंटरवर पसरलं, काळं बोट ओळीखाली टेकवलं आणि एकेक अक्षर उचलावं तसे पुढे सरकू लागले. "श... ब... री... आ... मच्या... सौं... सरची..." भगवंतराव पाहतच राहिले. 'बिया काढून'पाशी बापूजींना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी ओळ संपवली आणि उपरण्यानं डोळे पुसले.

"चाबी राहू द्या हिच्या गळ्यात," ते म्हणाले. "बाकीच्या ओळी मले तोंडपाठ होत्या, पोरी. जन्मात वाचली ती ही एकच."