कर्नल मोहोडांची जागा

अमरावतीच्या त्या कॉलेजात परीक्षेवरून संप पेटला होता. फाटकाबाहेर बंदुका घेतलेले पोलीस, आत हातात गोटे घेतलेली पोरं, आणि सगळ्यांत पुढे देवमन. पोलीस नव्या प्राचार्यांनीच बोलावले, याची त्याला खात्री होती. फौजेतून रिटायर होऊन आलेला कर्नल दुसरं काय करणार?

तेवढ्यात कर्नल मोहोड ऑफिसातून निघाले, पोरांमधून वाट काढत फाटकात गेले आणि पोलिसांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची रुंद पाठ देवमनसमोर आयतीच आली. त्यानं नेम धरला. गोट्याचा हात वर गेला.

चपराशी रऊफ धावत कर्नलपाशी आला. "साहेब, इकडे तोंड करा! पोट्ट्यायच्या हातात गोटे हायेत, पाठीत बसतीन!"

कर्नल वळलेसुद्धा नाहीत. "रऊफमियाँ, समोर बंदुका असल्या का अफसरानं आपल्या पोट्ट्यायच्या पुढं उभं रायचं असते. मंग पाठ त्यायच्याकडेच येते."

हे शब्द देवमनच्या कानावर पडले, तोवर गोटा हातातून सुटून त्या पाठीकडे निघाला होता.