घरचं खुराडं

"घरात कुणी वरचेवर अँटिबायोटिक घेत होतं का?" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर न काढता विचारलं.

"छे हो," पोल्ट्रीवाला म्हणाला. "हिने तर आयुष्यात डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही. अंगठ्याला पत्रा लागला, एवढंच निमित्त. फडकं गुंडाळलं आणि लागली कामाला."

पलंगावर त्याची बायको डोळे मिटून पडली होती. हात कोपरापर्यंत सुजून टरटरला होता आणि नववा दिवस उजाडला तरी ताप हटायचं नाव घेत नव्हता.

बाईंनी कागद त्याच्यापुढे धरला. औषधांच्या नावांची उभी यादी आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे फुली. "फुली मारलेलं एकही औषध या जंतूवर चालत नाही. इतका निर्ढावलेला जंतू महिनोन् महिने इस्पितळात काढलेल्या पेशंटमध्ये सापडतो. ह्या तर इस्पितळाची पायरीच पहिल्यांदा चढल्यात म्हणता."

पोल्ट्रीवाल्याने यादीवरून बोट फिरवलं. इंग्रजी त्याला जेमतेमच यायचं, पण ही नावं डब्यांवर वाचून वाचून तोंडपाठ होती. पहिलं कोंबड्यांच्या सर्दीचं. दुसरं हगवणीचं. तिसऱ्याने बरं काहीच होत नसे, पक्षी नुसता लवकर वजन धरायचा. आजूबाजूचे पोल्ट्रीवाले त्याला 'डॉक्टर' म्हणत ते काही उगाच नाही. एक कोंबडी शिंकली की हा पठ्ठ्या पाच हजारांना औषध पाजून मोकळा व्हायचा.

"एकच उरलंय." बाईंनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर पेन टेकवून नाव वाचलं. तिथली चौकट अजून रिकामी होती. "ते चालतंय का, हे दुपारी कळेल. चाललं तर ह्या वाचतील."

नाव ऐकून त्याच्या जिवात जीव आला. "हे ना? हे तर आहे की माझ्याकडे! शेडमध्ये दोन डबे पडलेत. म्हणाल तेवढं आणतो."

बाईंचं पेन तिथेच थांबलं. "तुम्ही ते कोणाला देता?"

"पक्ष्यांना. पिल्लू शेडमध्ये उतरलं की पहिल्या दिवसापासून, पाण्यातून."

"आजारी असो, नसो?"

"आजारी पडूच नये म्हणून तर द्यायचं."

बाईंनी रिपोर्टच्या कोपऱ्यात काहीतरी टिपून घेतलं. "आम्ही त्या कोंबड्या खात नाही हो," तो घाईघाईने म्हणाला. "घरच्यासाठी मागे वेगळं खुराडं आहे, दहा-बारा कोंबड्यांचं. त्यांना औषधाचा कणसुद्धा दाखवत नाही. हिचीच शिस्त ती."

हे वाक्य तो पाहुण्यांना नेहमी छाती फुगवून ऐकवायचा. आज ते तोंडातून निघालं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. शेजारच्या पलंगावर म्हातारीला पाणी पाजणारा तिचा मुलगा हातातला पेला तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिला होता.

"आणि पाण्यात पूड कोण कालवतं?" बाईंनी विचारलं. "शेडमधली घाण कोण काढतं?"

त्याची नजर बायकोच्या सुजलेल्या हाताकडे गेली. पूड तीच कालवायची, ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून. घाणही तीच काढायची. चमच्यापेक्षा हिच्या मुठीचं माप अचूक, असं तोच कौतुकाने सगळ्यांना सांगत आला होता. खाल्लं नाही म्हणजे सुटलो, असं दोघांनीही धरून चाललं होतं.

बोलण्याच्या आवाजाने तिला जाग आली.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "पिल्लांना पाणी दिलंत ना?"

"दिलं. निघायच्या आधीच दिलं."

"आणि पूड?"

त्याने बाईंकडे पाहिलं. मग बायकोकडे. तिच्याशी खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"घातली," तो म्हणाला, आणि सकाळी ड्रममध्ये कोपरापर्यंत बुडवलेला आपला हात हळूच पाठीमागे नेला.